नदीच्या बांधातले दार

माझ्या सर्वांत खालच्या फळीला एक फट आहे, करंगळी जेमतेम शिरेल एवढी. तिच्यातून पाणी सलग येत नाही. आधी थेंब फुगतो, कडेला रेंगाळतो, मग सुटतो. त्याच्या खाली, कोरड्या कुरणाच्या कोपऱ्यात, ताटाएवढी जागा कायम ओली असते. मित्रांनो, ही गोष्ट त्या जागेची आहे आणि माझीही. नदीच्या बांधात बसवलेले मी एक जुने लाकडी दार.

मला या कुरणाच्या मालकिणीच्या, म्हणजे ताईच्या, वडिलांनी घडवले. तेव्हा बांधाच्या आत दलदल होती: लव्हाळे आणि गुडघाभर पाणी. वडिलांना गाईंसाठी कुरण हवे होते. नदी उतरली की ते मला वर उचलत आणि आतले पाणी बाहेर जाई. नदी चढली की मला खाली सोडत आणि ती बाहेरच राही. हळूहळू जमीन ठणठणीत कोरडी झाली. लोक माझ्यावर थाप मारून म्हणत, "दार असावं तर असं!" लाकूड पाण्याने फुगते, मी कौतुकानेही फुगत असे.

वडिलांमागे ताई दर उन्हाळ्यात माझ्या भेगांत चिंध्या कोंबून वरून डांबर फासू लागली. एका उन्हाळ्यात तिचा पाय मोडला, डांबर राहून गेले आणि ही फट पडली.

पुढे जे पाहिले, त्याचे नवल अजून ओसरलेले नाही. त्या ओलीत लव्हाळ्याचे कोंब आले. ते कुणी पेरले नव्हते. त्यांचे बी, मोहरीहूनही बारीक, वडिलांच्या काळापासून मातीत निजून होते. एवढी वर्षे अंधारात, आणि तरी जिवंत! कोंबांमागून गोगलगायी आल्या, चतुर आले. एके सकाळी लांब चोचीचा एक पक्षी उतरला आणि चिखलात चोच खुपसून निवांत चरू लागला. आभाळातून त्याला ताटाएवढी ओल दिसली तरी कशी? तुमच्या आसपास डासांची, बिनकामाची म्हणून हिणवलेली एखादी पाणथळ जागा असेल, तर तिच्यावर भराव पडण्याआधी एकदा तिच्या काठाशी उकिडवे बसून बघा, मित्रांनो.

ताई कुबडी टेकून तासन्‌तास बघत राही. पाय बरा झाला, तरी डांबराचा डबा तिने पुन्हा उघडला नाही. पण सगळ्या कुरणात पाणी येऊ द्यायचे म्हणून मला काढून टाकणेही तिच्या जिवावर येई. "बघू पुढच्या वर्षी," असे म्हणण्यात वर्षे गेली.

तिचा धाकटा भाऊ नदीच्या खालच्या अंगाला राहतो. तो चिडे. "अगं, बाबांनी या जमिनीपायी हाडाची काडं केली. ती तू बेडकांच्या घशात घालणार?"

"बेडकांचं पोट केवढं असतं रे? तू एका जेवणाला खातोस, त्यात त्यांची पिढी निघेल."

यंदा नदी कधी नव्हे एवढी चढली. मी करकरत उभे राहिले. कुरण कोरडेच राहिले. पूर ओसरल्यावर भाऊ आला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला.

"ताई, हे दार बदल. लोखंडी बसव. बांध उंच कर. माझ्या घरात ओट्यापर्यंत पाणी होतं!"

"अरे शहाण्या, इथे लोखंडी दार लावून तुझा ओटा कसा वाचेल?" ताई म्हणाली. "पूर्वी पुराचं पाणी या दलदलीत पसरायचं. जमीन ते धरून ठेवायची, मग सावकाश सोडायची. आपण नदीला इथे दार लावलं. ती तुझ्या स्वयंपाकघरात गेली."

भाऊ बांधावर मटकन बसला. "आणि गाई?"

"वरच्या माळावर नेऊ. दूध कमी मिळेल."

"आणि बाबा काय म्हणाले असते?"

ताईने माझ्यावर तळवा ठेवला. इथून निघाले, तर मी पुन्हा कुठल्या कामाचे उरणार नव्हते, हे मला ठाऊक होते. तरी त्या सगळ्या कुरणाखाली काय काय निजले असेल, या विचाराने माझी फळी न् फळी थरारली.

"रागावले असते," ताई म्हणाली. "सुताराला निरोप दे. दार काढायचं. नदीला आत येऊ दे."