ऊबखोलीतला पट्टा

भिजलेली लाकडे. जिना नसलेले घर. कवचाला कान लावून बसलेली आत्या. दोरीने खाली येणारे जेवण. पितळी बक्कल.

मित्रांनो, हे सगळे मी एकाच जागेवरून पाहिले. मी एक जुना पट्टा आहे आणि माझी तेव्हाची जागा म्हणजे आत्याची पाठ.

तुमचा सूर्य जिथून ठिपक्याएवढाही दिसत नाही, तिथले हे पंखवाले लोक. त्यांच्यात ज्याचा मान मोठा, त्याची बसायची दांडी उंच. सगळ्यात वर आजी, तिच्याखाली मुलगे-सुना, मग नातवंडे. तळाला ऊबखोली. तिथे चुलीजवळ घरची अंडी असतात आणि ती राखायला घरातली एक मुलगी. तिने काम टाकून उडून जाऊ नये म्हणून तिचे पंख मिटून बांधतात. पुढची मुलगी आली की तिने बक्कल उघडायचे आणि पट्टा स्वतःवर घ्यायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

चांभाराने मला जाड कातड्यातून कापून दुहेरी शिवले. "जन्मभर टिकेल," तो म्हणाला आणि मी फुगलो. आधी मी आजीच्या धाकट्या बहिणीवर होतो. सुटल्यावर ती उडाली नाही. तिला दोरीने वर ओढून घ्यावे लागले. मग आत्या आली.

आजी नेमाने तेलाची बाटली खाली सोडायची. "पट्टा मऊ ठेव गं." पंखांसाठी तेल कधी आले नाही. वारा सुटला की माझ्याखाली पंख थरथरायचे. मी आणखी आवळायचो. मला तेवढेच येत होते.

पुढची पाळी भाचीची. ती झरोक्यात उलटी लटकून गप्पा मारायची.

"आत्या, तू कधी सुटणार?"

"तू खाली उतरलीस की."

"मग मी येतच नाही."

"नको येऊस. चूल निदान माझं ऐकते. तू कुठे ऐकणार!"

मग ते वादळ आले. धुराड्यातून पाणी उतरले आणि चूल विझली. आत्याने एकेका कवचाला कान लावला.

"आई, अंडी गार पडतायत."

"मग पेटव ना," वरून आजी.

"लाकडं भिजलीत."

"वाळकी शोधतोय. जरा दम धर."

तेवढ्यात भाची खाली उतरली. आत्याने तिच्याकडे पाठ केली. "बक्कल काढ."

"मग मला बांधतील."

"ते मी बघते. आधी काढ."

भाचीची बोटे बक्कलावर थांबली. मग मी जमिनीवर पडलो. आत्याचे पंख गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरत अर्धेच उघडले. ती अंड्यांवर ओणवी झाली. वाळकी लाकडे आली तेव्हा आतून टकटक ऐकू येत होती.

पिल्ले बघायला आजी प्रथमच तळाला आली. आत्याकडे बघून म्हणाली, "पंख मीट बघू." ते मिटेनात.

"आता बांधताही येत नाहीत आणि उडताही येत नाही, आई. मी इथेच अंड्यांवर बसत जाईन. पट्टा नको, चूल नको, पोरीलाही बांधायला नको."

आजीने मला उचलून खुंटीला अडकवले. "पुढची अंडी येतील तेव्हा बघू," ती भाचीला म्हणाली. "तोवर ह्याला तेल लावत जा."

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. कालपर्यंत भाची मला तेल लावत होती. आज ती बाटली घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मग वळून आत्याच्या पंखांचे सांधे चोळू लागली.

"हळू गं, खेचतेयस की काय."

"आत्या, चूल बरी होती म्हणायची. तू फार कुरकुरतेस."

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू नेहमी विनवतात, आमची निगा राखा. माझी विनवणी उलटी आहे. मला विसरा. मला वाळू द्या, कडक होऊन तडकू द्या. मी अजून मऊ आहे. कोणाच्याही पाठीला बसेन.

मला शिवले त्या वर्षी या घरात चूल आली. त्याआधी अंडी पंखाखालीच उबत. आजी ज्यातून बाहेर आली ते अंडेही तसेच उबले होते.