बडग्याचा चेहरा

दुपारची वेळ होती. मोतीलाल आपल्या दुकानात साबुदाणा तोलत होता. तेवढ्यात त्याचा पुतण्या अंकित सायकल रस्त्यातच टाकून धावत आला.

"काकाजी, दुकान बंद करा. काकू..."

त्याने फाट्याकडे बोट दाखवलं. मोतीलाल तसाच अनवाणी फाट्याकडे पळाला. वडनेरच्या बाजारातून आलेली त्याची बायको शकुंतला बसमधून उतरून घरी पायी येत होती. मागून ट्रॅक्टर आला. चालवणारा कवडू गावातलाच. तो इतका प्यालेला होता की ट्रॅक्टर शेतात जाऊन थांबला तरी आपण कोणाला उडवलं हे त्याला कळलं नव्हतं. लोक जमले तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. मोतीलालच्या गावामागे नाल्याकाठी मोहाची भट्टी दिवसाढवळ्या पेटते, हेही साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. जेवायला हाक मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून मोतीलाल जेवायचंच विसरू लागला. कवडू जामिनावर सुटून आला आणि पुन्हा नाल्याकडे जाताना दिसला. त्या दिवशी मोतीलालने दुकानाचं दार आतून लावलं आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं. जगायचं कशाला, हेच त्याला समजत नव्हतं.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागात बांबू-कागदाचा पुतळा, म्हणजे बडग्या, करून गावातून फिरवतात आणि शिवेबाहेर नेऊन जाळतात. गावाची पीडा त्याच्यासोबत जावी, ही त्यामागची भावना. शाळेतल्या चित्रकलेच्या मंजुषा मॅडम मुलांना म्हणाल्या होत्या, "यंदा तुम्ही बडग्या करा. गावाचं जे दुखणं आहे ते चारचौघांत उभं करा. आपल्याला बोलायची भीती वाटते ना? मग कागदाला बोलू द्या." एवढं सांगून त्या प्रशिक्षणासाठी वर्ध्याला गेल्या.

मुलं कागद घ्यायला मोतीलालच्या दुकानात आली.

"पाह्यजे तेवढा कागद न्या. रंगही न्या," मोतीलाल म्हणाला. "पण तोंड कवडूचंच पाह्यजे. लोकायनं पाह्यल्याबरोबर ओळखलं पाह्यजे."

"हुबेहूब करतो, काकाजी," अंकित म्हणाला. "गळ्यात चपलाची माळही घालतो!"

कित्येक दिवसांनी मोतीलाल त्या दिवशी पोटभर जेवला.

पोळ्याच्या दिवशी तो शाळेच्या व्हरांड्यात बडग्या पाहायला गेला. बांबूच्या सांगाड्याला पँट-शर्ट चढवून आत तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा, भरली होती. एक मुलगी टोपल्यावर कागद चिकटवून चेहरा रंगवत होती. तो चेहरा पाहून मोतीलाल जागीच थांबला. गालावरचा व्रण, किंचित उघडं तोंड, सगळं कवडूचं होतं. फक्त डोळे मिटलेले होते.

"डोये काऊन मिटवले, पोरी?"

"मले ते उघडे आठवतच नाई, काकाजी," मुलगी मागे न वळता म्हणाली. "शाळेत जायच्या वक्ती निजलेले, आल्यावरबी निजलेले."

ती मयुरी होती. कवडूची मुलगी!

मोतीलालने विचारलं, "तुले हे काम कोणं देल्लं?"

"तिचाच हात चांगला आहे ना, काकाजी," अंकित चाचरत म्हणाला. "आमच्याकडून जमून नाई राह्यलं."

"दुसऱ्यानं केलं असतं त नाक वाकडं केलं असतं," मयुरी म्हणाली. "उद्या जळनच आहे, त बरोबर त असू द्या. अन् परवापासून मी शाळेत येणार नाई. तेवढं मॅडमले सांगजा."

मंजुषा मॅडम पायरीवरच उभ्या होत्या. वर्ध्याहून त्या थेट इकडे आल्या होत्या.

"हे शिकवलं मी तुम्हाले?" त्यांनी अंकितला विचारलं. त्याने मान खाली घातली.

"त्याले काऊन बोलता? मीच सांगतलं!" मोतीलाल उसळला. "माह्यी बायको गेली, मॅडम! तो आजही पिऊन राह्यला. मी काय त्याची आरती करू?"

"त्याले माफ करा, असं मी म्हणत नाही, काकाजी. त्याच्यावर केस आहे, त्याले शिक्षा झालीच पाहिजे. पण उद्या काय होईल सांगा. कवडूले जाळून गाव हात झाडून घरी जाईल. अन् सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवील? भट्टीवाला! पडलेल्या माणसाचं सोंग काढाले काय लागते? ज्याचं नाव घेताना आपली जीभ अडखळते, त्याले झोंबलं पाहिजे. नाहीतर ही कला नाही, नुसती टिंगल आहे."

मोतीलालने ते टोपलं उचललं. आता हा ते आपटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिला. अरे, आपण हे काय मागितलं होतं! एका लेकराने आपलाच बाप रंगवावा आणि गावाने तो तिच्यासमोर जाळावा?

"घरी ने हे," टोपलं मयुरीला देत तो म्हणाला. "ठेवजो, नाई त फाडजो. पण जाळाले देऊ नको, माय."

मयुरी तेव्हा रडली. मोतीलालही तिच्याजवळ खाली बसून रडला.

मग मुलांनी धडावर डोक्याच्या जागी दारूचा निळा ड्रम बसवला. ड्रमला तणशीचे हात लावायचं ठरलं. भट्टी चालू देणारे जेवढे, तेवढे हात. एकाला पुढाऱ्याची पांढरी बाही चढवली, दुसऱ्यासाठी पोलिसाची खाकी बाही कापली.

"मॅडम, खाकी लावली त मार बसन ना बाप्पा!" अंकित म्हणाला.

"म्हणून तर आजवर कोणी लावली नाही."

"लावा," मोतीलाल म्हणाला. "पुढं मी चालतो. पह्यला दंडा मले बसन."

दुसऱ्या दिवशी बडग्या निघाला. "दारूची भट्टी घेऊन जाय गे मारबत!" पीडा नेणाऱ्या मारबतीला हाक घालत मुलं ओरडत होती. मयुरीही ओरडत होती. शिवेजवळ मोतीलाल थांबला नाही, नाल्याकडे वळला. बरेच लोक तिथूनच परत फिरले. सात-आठ बाया मात्र पदर खोचून पुढे आल्या. भट्टीसमोरच बडग्या पेटवला. भट्टीवाला हाताची घडी घालून पाहत होता. त्या दिवशी तो हसला नाही!

मोतीलालचं दुःख त्यामुळे कमी झालं नाही. पण दर रविवारी तो आता चित्रं काढणाऱ्या मुलांजवळ बसतो, त्यांना कागद चिकटवायला खळ शिजवून देतो. नागरिकहो, आपल्या मुलांच्या हाती रंग द्या आणि सोबत धीरही द्या. दुबळ्याला चौकात उभं करायला कोणालाही जमतं. अन्याय कुठून सुरू होतो हे दाखवणारं चित्र काढायला त्यांना शिकवा, आणि ते निघेल तेव्हा त्यांच्या पुढे उभे राहा.

मयुरी शाळेत येते. कवडू अजून पितो. खटल्याची तारीख लागलेली नाही. बायांनी ठाण्यात दिलेल्या तक्रारीला उत्तर आलेलं नाही. भट्टी पोळ्यानंतर थोडे दिवस बंद होती, मग पुन्हा पेटली. ती अजून विझवायची आहे.