उताराचा धोंडा

बैल घ्यायचा तर दात पाहावेत, खूर पाहावेत, भोवरा कुठं आहे ते पाहावं आणि शेवटी ओझं लादून वाळूत जुंपून पाहावं. फैजपूरच्या गिरधर आबाला हे सगळं कळत होतं, आणि फार चांगलं कळत होतं. त्यानं पारखून घेतलेला बैल कधी खोटा निघाला नव्हता. पण धुळ्याला रतिलाल शेठच्या आवारात तो ज्या जनावरापुढं उभा होता त्याला ना दात होते, ना खूर. ती एक जुनी स्टेशन वॅगन होती. लढाईच्या दिवसांत गोऱ्या साहेबांना घेऊन हिंडलेली, मग एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरकडे राबलेली. लांबलचक, मागच्या अंगाला लाकडी फळ्या ठोकलेली. मागचं बाक काढलं की माणूस आडवा झोपेल एवढी ऐसपैस जागा. गिरधरला ती जागाच हवी होती.

कशाला हवी होती ते सांगायला हवं, नाहीतर केळीच्या पैशाची गर्मी चढली म्हणून म्हाताऱ्याला मोटारीचे डोहाळे लागले असं वाटायचं. गावाला तसं वाटलंच होतं. गावाचं काय, गावाचं तोंड कोणी धरावं?

दोन वर्षांपूर्वी त्याची थोरली लेक सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईणीनं हात टेकले तेव्हा तिला बैलगाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले. तापीच्या पात्रात गाडी वाळूत रुतली. बैल गुडघ्यांवर आले, माणसांनी चाकांना खांदे लावले, पण गाडी तसूभर हलेना. ती बाहेर निघाली तेव्हा सुगंधाचं कण्हणं थांबलेलं होतं. त्या दिवसापासून गिरधरच्या घरात 'रुतली' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. चिखलात औत बसलं तर गडीसुद्धा 'अडकलं' म्हणत.

आता धाकटी मंजुळा, धुळ्याला दिलेली, दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बायको बेबाबाई रीत मोडायला तयार नव्हती. पोरीला धुळ्यालाच राहू द्यावं, तिथं हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे, असं गिरधरच्या मनात शंभरदा आलं. पण ते बोलायचं म्हणजे आपण भितो हे बोलायचं. ते काही त्याच्यानं झालं नाही. म्हणून या गड्यानं काय केलं, तर मोटार घ्यायचं ठरवलं. भीती झाकायला माणूस काय काय करील, सांगता येत नाही.

सोबत धनसिंग होता, त्याच्याच गावचा, पलटणीत ट्रक चालवून आलेला. त्यानं चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"आबा, इंजिन काय आहे! वाघ हाये वाघ!"

"त्याचं गुरगुरणं राहू दे. वाळूतून निघते का ते पाह्य."

धनसिंगानं आवारातच गाडी पुढं-मागं केली, ब्रेक दाबला. गाडी थांबली. "ब्रेक जरा खोल जातो, आबा. पन धरतो."

"धरतो ना? मंग झालं. आपल्याले काय उभं राहायचं हाये? आपल्याले पोचायचं हाये."

मग गिरधर धोतर सावरून गाडीखाली वाकला. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली, चकचकीत होती. तिथं धूळ चिकटून काळा थर बसला होता. त्यानं बोट लावलं, चोळून पाहिलं. तेलकट. त्याचा चेहरा खुलला. बैलगाडीची पारख आसाजवळ होते हे खानदेशातल्या पोरालाही ठाऊक असतं. आस कोरडा, कुरकुरणारा, तर मालक आळशी. वंगण ओघळत असेल तर मालकाचा गाडीवर जीव आहे. जिनिंगचा मॅनेजर हौशी माणूस दिसतो, असं त्याच्या मनानं घेतलं.

"वंगन चांगलं पाजलं हाये चाकाले," तो म्हणाला. धनसिंगाचं डोकं इंजिनात होतं. तो नुसता हूं म्हणाला.

नंतर सरकीची पोती भरून पाहायला गाडी पांझरेच्या पात्रात नेली. उतरताना रिकामी नेली, पोती खाली भरली. ओल्या वाळूतून गाडी अशी सुटली आणि काठाचा चढ असा चढली की गिरधर वाळूतल्या चाकोऱ्यांकडं पाहतच राहिला. त्याला तापी दिसत होती. ही असती तर माझी पोर जगली असती, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

"अजून काही बघायचं आहे, गिरधरभाई?" रतिलाल शेठनं विचारलं.

"नही."

बैलबाजाराचा नियम आहे, विचारलेल्याचं खोटं सांगू नये आणि न विचारलेलं सांगू नये. शेठ त्या नियमाला धरून वागला. त्याला लबाड म्हणायचं तर आपल्यातल्या निम्म्या प्रतिष्ठितांना म्हणावं लागेल. सौदा रुमालाखाली बोटं धरून झाला. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. मागच्या जागेत गादी घालून मंजुळेला निजवलं, तिला न्यायला आलेली बेबाबाई उशाशी बसली, आणि गाडी माहेरच्या वाटेनं जळगावच्या रस्त्याला लागली.

पारोळ्यापर्यंत गिरधर खूश होता. म्हणजे त्याला जेवढं खूश होता येत असे तेवढा. पारोळ्याच्या बाजारात गर्दी लागली आणि धनसिंगाला ब्रेक दोनदा दाबावा लागला. पुढं एक म्हैस आडवी आली तेव्हा चारदा दाबला. गिरधरची नजर त्याच्या पायावर गेली.

"काय रे?"

"काही नही, आबा."

पण त्यानंतर धनसिंगाचं धुळ्यापासून चाललेलं गाणं बंद पडलं. काहीतरी बिनसलंय हे दोघांना कळलं होतं आणि तोंड कोणी उघडत नव्हतं. मागं मंजुळा कुशीवर वळली की गिरधर वळून पाहायचा.

एरंडोल जवळ आलं असेल नसेल, तोच बेबाबाईनं त्याच्या खांद्याला घट्ट धरलं. "अहो, गाडी थांबवा. पोरीले कळा सुरू झाल्या."

अजून पंधरवडा होता म्हणे. पण कळांना पंचांग कुठं येतं? गाडी सपाटीवरही लवकर थांबेना. रखडत रखडत थांबली. गिरधर उतरला आणि का कोण जाणे, सरळ मागच्या चाकाकडं गेला. चाक पार बाहेरच्या रबरापर्यंत भिजलं होतं. थेंब थेंब खाली गळत होतं आणि धुळीत काळा डाग पसरत होता.

"धनसिंग, वंगन एवढं सुटते का रे?"

धनसिंग वाकला, त्यानं बोट लावून वास घेतला. "आबा, हे वंगन नही. हे ब्रेकचं तेल हाये."

गिरधरला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. धुळ्यात आपण याच चाकाला बोट लावलं होतं. लावून हसलो होतो. त्यानं गाडीच्या फळीला धरलं.

"पुढं रस्ता कसा हाये?"

"सपाट हाये. फक्त एक नाला. उतार हाये, खाली फरशीचा पूल. तो ओलांडला की एरंडोल, तठी दवाखाना." धनसिंगानं घाम पुसला. "पहिल्या गिअरात घालतो. इंजिन धरून ठेवीन गाडीले."

आतून मंजुळेची किंकाळी आली. परत फिरावं तर पारोळं लांब. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोरीला चार पावलं चालवणं शक्य नव्हतं. गिरधर "चाल" म्हणाला, पण तो आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

उताराच्या तोंडाशी तो खाली उतरला. बैलगाडी उतरणीला लागली की एक माणूस धोंडा घेऊन चाकाबरोबर चालतो; गाडी ढळू लागली तर तो धोंडा चाकाला लावायचा. बापानं शिकवलेलं तेवढंच त्याला त्या वेळी सुचलं. त्यानं बांधावरचा एक चांगला जड धोंडा उचलला. "तू उतर," तो बेबाबाईला म्हणाला. तिनं मान हलवली आणि पोरीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं.

गाडी गुरगुरत, अडखळत उतरू लागली. गिरधर मागच्या चाकाशी चालत होता, धोंडा छातीशी धरून. खाली नाला दिसत होता. फरशीवर कापसाच्या गाड्यांची रांग होती, बैल निवांत चालले होते. त्याच्या मनात आलं, देवा, एवढा उतार निभू दे, पद्मालयाच्या गणपतीला चालत येईन.

निम्मा उतार उतरला असेल. गाडीच्या पोटात खाडकन आवाज झाला, गुरगुरणं एकदम हलकं पडलं आणि गाडी सुटली. जुना गिअर आपोआप निसटला होता. गिरधरनं धोंडा चाकापुढं लावायला हात पुढं केला, तोवर चाक पुढं निघून गेलं होतं. तो धावला. पायातली पायताणं गेली, मुंडासं गेलं. मागच्या काचेतून त्याला बेबाबाईचा चेहरा दिसला; ती त्याच्याकडंच बघत होती आणि लहान लहान होत चालली होती. हे माझं सगळं चाललं, आणि माझ्या हातात काय, तर धोंडा!

फरशीच्या अलीकडं, उजव्या हाताला, गव्हाचं वावर होतं. सकाळीच पाणी भरलेलं. वाफ्यांत पाणी चमकत होतं. काळी जमीन पाणी प्यायली की चार बैलांना गाडी सोडत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. त्याच्या घशातून जो शब्द दोन वर्षं निघाला नव्हता तो फाटून बाहेर आला.

"वावरात घाल! धनसिंग, वावरात घाल! रुतव तिले! रुतव!"

ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण गाडी झोकांडी खाऊन वळली, बांधावरून उडाली, कोवळा गहू तुडवत गेली आणि पुढची चाकं पार आसापर्यंत चिखलात बसली. मग सगळं शांत झालं. फारच शांत.

त्या शांततेत धावणं गिरधरला सर्वांत जड गेलं. चिखलात पाय बसत होते आणि आतून काही ऐकू येत नव्हतं. तापीतही असंच झालं होतं. दारापर्यंत पोचला आणि त्याला पुढं होववेना. आत बघायची त्याची छाती झाली नाही. म्हाताऱ्या माणसानं डोळे मिटून घेतले.

आत मंजुळा कण्हली.

तो चिखलातच मटकन खाली बसला.

धनसिंगाचं कपाळ फुटलं होतं. बेबाबाईचा हात मुरगळला होता, पण तिनं पोरीचं डोकं सोडलं नव्हतं. फरशीवरच्या गाड्यांपैकी शेवटच्या गाडीचा मालक झिपरू बैल सोडून धावत आला. आत एकवार पाहून तो काही विचारत बसला नाही.

"मनी गाडीमा घाला तिले, भाऊ. खाले बठ्ठा कापूस शे. एरंडोल जवळच शे."

बैलगाडी! गिरधर त्या गाडीकडं बघत राहिला. जिच्या भीतीनं त्यानं हे सगळं केलं होतं, तिच्यातच आता दुसऱ्या लेकीला निजवायचं होतं. त्यानं पुढं होऊन आस चाचपला. वंगण होतं. या खेपेला ते वंगणच होतं, तरी त्यानं बोटाचा वास घेतला. मग तिघांनी मंजुळेला उचलून कापसावर ठेवलं.

गाडी निघाली. नाला मागं पडला, चढ चढून सपाट रस्ता लागला. गिरधर मागच्या चाकाशी चालत होता, अनवाणी, उघड्या डोक्यानं, तोच धोंडा पुन्हा उचलून छातीशी धरून. झिपरूनं दोनदा मागं वळून पाहिलं.

"आते वाट सपाट शे, भाऊ. धोंडा कशाले?"

गिरधर कण्हणं ऐकत होता. बैल चालत होते आपल्या चालीनं. त्यांना मारू नको असं तो सांगेना आणि मार असंही सांगेना. कण्हणं थांबलं की त्याचे पाय थांबत, पुन्हा आलं की चालू लागत.

एरंडोलला दवाखान्यात मंजुळेला आत नेलं आणि दार लागलं. तो पायरीवर बसला. दिवस कलला, गुरं घरी परतू लागली. धनसिंग पट्टी बांधून आला आणि गाडी काढायची कशी ते सांगू लागला. गिरधरला त्यातलं अक्षर कळलं नाही. मघापासून आतलं ओरडणं बंद झालं होतं. तो त्या बंद दाराकडं बघत होता, आणि देवाला काय द्यावं म्हणजे पुरेल याचा त्याला हिशोब लागेना.

दार उघडलं. बेबाबाई बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं त्याला काहीच ओळखता आलं नाही.

"नात झाली," ती म्हणाली. "दोघी बऱ्या हायेत."

"मंजुळा बोलली का?"

"बोलली."

"काय बोलली?"

"पानी मागितलं. तुम्ही जेवले का, इचारलं."

बेबाबाई त्याच्याशेजारी टेकली. तेव्हा कुठं तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. चांगल्या हातानं तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. ती बोटं धोंड्याला अशी धरून बसली होती की सुटता सुटत नव्हती.

"ठेवा आता त्याले खाली," ती म्हणाली. "पोचली गाडी."

त्यानं धोंडा पायरीच्या कडेला अगदी जपून ठेवला, गडगडणार नाही असा. मग तळहाताकडं पाहत त्यानं हळूच पुन्हा विचारलं, "खरंच बोलली ना?"