पाक त्रेंगोनोंचे खूश लोक

मध्य जावातल्या एका गावच्या कचेरीत पाक त्रेंगोनो साहेब होते. दाराशी त्यांनी टचस्क्रीन बसवला होता. डावीकडे हसरा चेहरा, उजवीकडे रडका. काम आटोपून निघालेल्याने हवा तो दाबायचा. वर्षभरात शेकडा पंचाण्णव लोक खूश निघाले. साहेबांना जिल्ह्याकडून ढाल मिळाली आणि त्यांची मान आणखी ताठ झाली. एका दाखल्यासाठी चपला झिजवणाऱ्यांना मात्र कळेना, की एवढे खूश लोक गावात राहतात तरी कुठे!

मग तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या बू सुमिनेम आल्या. त्यांचं काम, कसं कोण जाणे, पहिल्याच फेरीत झालं. त्यांनी आनंदाने हसरा चेहरा दाबला, तर उजळला रडका! चिडलेले लोक रडका दाबून तरातरा निघून जात. थांबून बघणारी ही पहिलीच बाई.

"अहो साहेब, हे यंत्र उलट्या डोक्याचं आहे की हो!"

तंत्रज्ञ रेतनानीला बोलावलं. तिने पाहिलं आणि हसू दाबलं. "लिनक्सवरच्या संगणकाला पडदा जोडला, पण कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा जुळवणं, केलंच नाही कुणी. डाव्याचं उजवं झालंय. पडद्यावर येणाऱ्या चार फुल्यांवर बोट टेकवलं की सरळ होईल."

"म्हणजे ते पंचाण्णव टक्के..."

"वैतागलेले होते, साहेब."

साहेबांना कॉफीचा ठसका लागला. "चालतंय ना पोरी? मग कशाला छेडतेस? राहू दे."

पण बू सुमिनेमनी तेंपेच्या पुडीबरोबर गावभर बातमी वाटली, "चिडला असाल तर हसरा दाबा!" लोकांनी मन लावून दाबला. आकडा असा कोसळला की जिल्ह्याहून फोन आला.

"कर बाई सरळ, आत्ताच्या आत्ता!" साहेबांनी रेतनानीला पुन्हा बोलावलं. "बोट मीच ठेवणार."

साहेबांचं जाडजूड बोट फुलीच्या बाजूला पडे आणि पडदा म्हणे, चुकलं, पहिल्यापासून करा.

"आपल्या कचेरीची रीत बरोबर शिकलाय," रेतनानी पुटपुटली.

शेवटी जमलं. पण लोकांची सवय कोण सरळ करणार? ते चिडून हसराच दाबत राहिले आणि आता तो हसराच मोजला जाऊ लागला. साहेब पुन्हा फुलले.

पुढे रेतनानी आपल्या बाळाच्या जन्मदाखल्यासाठी आली. "उद्या या," कारकून म्हणाला. तिने जाता जाता रडका चेहरा नेमका दाबला.

संध्याकाळी आकडे बघून साहेब कडाडले, "आज हा एक नाराज कोण निघाला? शोधून काढा त्याला!"