फटीतला पुरावा

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नेगेलेसाहेबांनी मला सुरीने खरवडले आणि माझा अर्धा भाग पुरावा म्हणून डबीत भरला. उरलेला अर्धा तेव्हा जागेवरच राहिला.

मित्रांनो, मी एक जुना झुपका आहे, रुपेरी मॉसचा. जर्मनीतल्या एस्लिंगेन गावात एका तिमजली घराच्या दारासमोर, फरशीच्या फटीत मी वाढलो. तुम्ही मला सरसकट शेवाळ म्हणता, याचा मला संताप येतो. पन्हळीखाली पसरते ते हिरवे, बुळबुळीत शेवाळ वेगळे. माझे अंग मखमली. माझ्या पानांच्या टोकांना रंग नसतो, म्हणून मी चांदीसारखा दिसतो. मला मुळे नाहीत. बारीक धाग्यांनी मी धरून बसतो आणि पाणी सगळ्या अंगाने पितो. उन्हात वाळतो, पावसात पुन्हा हिरवा होतो. चिमूटभर धूळ मला पुरते. आणि फरशी मी फोडलेली नाही. फट आधीपासून होती.

या घरात झाडण्याची पाळी दर आठवड्याला फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी. त्या आठवड्यात पाटी तळमजल्यावरच्या हेडविगबाईंकडे होती. वय एकोणऐंशी, घरात एकट्या. गुरुवारी वरच्या मजल्यावरचे नेगेलेसाहेब शेवाळावरून घसरले आणि नाव माझे घेतले.

"बाई, पाटी तुमच्या दारावर ना? मग ही बाग कोणाची?" शनिवारी मला खरवडून झाल्यावर सुरी पुसत त्यांनी विचारले.

"रोज झाडते मी. वाकता येतं. गुडघ्यावर बसता येत नाही आता."

"चाळीस वर्षांत इथं असलं काही उगवलं नव्हतं!"

"उगवलं होतं, साहेब. तुम्हाला तेव्हा चष्मा नव्हता."

"हसा, हसा. सोमवारी डबी घरमालकांच्या टेबलावर असेल."

तशी डबी गेली. सोबतच्या पत्रात लिहिले होते की बाईंना पाळी झेपत नाही, त्यांची सोय वृद्धाश्रमात करावी.

आता खरा प्रकार ऐका. माझी नर रोपे वेगळी, मादी रोपे वेगळी. दोघांची गाठ पडायला पाण्याचा थेंब लागतो. मग देठावर बोंड येते आणि त्यातून बीजाणू उडतात. पण इथे ते क्वचितच घडते. मी पसरतो तो मुख्यतः मोडलेल्या शेंड्यांतून आणि इवल्या कळ्यांतून. बुटाला चिकटतो, केरसुणीने उडतो. शनिवारी साहेबांनी मला खरवडले आणि मग उरलासुरला चुरा तावातावाने झाडला, थेट स्वतःच्या गॅरेजपर्यंत. त्यांनी मला फटीफटीत पेरले आहे. उद्या तिथे उगवलो, की तेही बाईंच्याच नावावर जाईल!

माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. मला तिची गरज नाही. पण माझ्याकडे बोट दाखवून कुणाला राहत्या घरातून उठवू नका, मित्रांनो. आधी खाली वाकून नीट बघा, घसरलात ते कशावरून.

आज बुधवार. घरमालकांचे उत्तर आलेले नाही. तीन वाजता हेडविगबाई एक उशी आणि भाजी चिरायची सुरी घेऊन बाहेर आल्या. भिंतीला धरून गुडघ्यांवर बसल्या आणि मला खरवडू लागल्या. फट साफ झाली; मी आता चुरा होऊन उशीपाशी पडलो आहे. सव्वातीन वाजले आहेत. सुरी बाजूला ठेवून त्यांनी उठण्यासाठी दोनदा भिंतीला हात लावला आहे. त्या अजून उठलेल्या नाहीत.