बंधाऱ्याखालचा भोवरा

माझा धाकटा भाऊ तोहिद बंधाऱ्यावरून पंचगंगेत पडला, त्याला तिसरा दिवस होता. शोधपथकाच्या बोटी मात्र दोन गावं खाली फिरत होत्या. मी साहेबांवर उखडलो.

"तिकडं काय हुडकताय? बंधाऱ्याच्या पायाला भोवरा हाय. त्यात पडलेलं वाहत न्हाय, तिथंच गरगरतंय. जन्म गेला माझा नाव चालवण्यात."

साहेब हळूच म्हणाले, "दिलदारभाई, फोनवर 'वाहून गेला' असं तुम्हीच सांगितलंत."

मी खाली बसलो.

"फोन केला तवा अम्मी शेजारी हुती, साहेब. वाहून गेलेला एखाद्या झाडाला धरून जिता तरी घावतोय. भोवऱ्यात गेलेल्याचं काय हुतंय, ते तिला ठावं हाय."