साखर जळताना

माझ्या तोंडात आता एकच शब्द उरलाय. ‘हो’.

सात महिन्यांपूर्वी थाईम खुडता खुडता मी वाफ्यातच आडवी झाले. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे हो. नावं आहेत, जपमाळ आहे, शिव्या तर सगळ्याच्या सगळ्या आहेत. पण बाहेर पडतं ते एकच. चहा हवाय? हो. नकोय? हो. मान हलवून सांगावं तर मेली मानही होच म्हणते. डावा हात हलतो, पण दाखवायला जावं कप तर बोट जातं खिडकीकडे. आपटता मात्र येतो. परवा शेजारचा ल्यूसियन येऊन बसला, आपल्या कंबरेचं रडगाणं तासभर गात. मला सांगायचं होतं, ‘मेल्या, ऊठ आणि घरी जा.’ तोंडातून आलं ‘हो’. तो व्हर्लीनला म्हणतो, “मा डोरा किती गोड झालीय गं आता!”

गोड! मी! या डोंगरावर पन्नास वर्षं लोक माझ्या जिभेला टरकून होते.

व्हर्लीन माझी थोरली. बावन्नची झाली. मला उठवते, धुते, भरवते, आणि त्यातून वेळ काढून थाईमच्या जुड्या बांधून खालच्या बाजाराला जीपमधून पाठवते. धाकटा अँसेल्म टोरांटोला असतो. तो नऊ वर्षांनी आला, दहा दिवसांसाठी, आणि आल्या आल्या खाली शहरात जाऊन सिस्टरांचा वृद्धाश्रम बघून आला. गुरुवारी दोघं भाऊबहीण माझ्या डोक्यावरून बोलत होती. मी मधे खुर्चीत, एखादं कपाट असावं तशी.

“तिला काही कळत नाही, व्हर्लीन. कशालाही हो म्हणते. मी विचारलं, मी कोण, पाद्री का? तर म्हणाली हो.”

“मग असले फाजील प्रश्न विचारू नयेत.”

“तू आरशात बघितलंयस का स्वतःला? ती जायच्या आधी तू जाशील.”

“मी कुठे जात नाही. आणि तीही कुठे जात नाही. तिला सगळं कळतं. रविवारी जेवायला आहेस ना? साखर जळताना बघ तिच्याकडे, म्हणजे समजेल.”

“त्यातून काय समजणार?”

“गेले दोन रविवार साखर तीच बघतेय. तिने ‘हो’ म्हटलं की मी मांस टाकते. दोन्ही वेळा रंग असा आला की शेजारची जर्मेनटँटी दुसऱ्यांदा वाढून घेऊन गेली. डोकं गेलेल्या बाईला जमेल हे?”

अँसेल्म म्हणाला, “ठीक. मला दिसू दे. मला दिसलं तर मी आश्रमाचं नाव काढणार नाही.”

दोन्ही रविवारी मी मनात ओरडले होते ‘टाक!’ आणि बाहेर पडलं होतं ‘हो’, पण पडलं होतं वेळेवर. सात महिन्यांत तेवढे दोनच ‘हो’ खरे. आता त्यांच्यावर माझं घर उभं होतं.

आमच्याकडे डुकराचं मांस शिजवायचं म्हणजे आधी बिडाच्या भांड्यात तेल आणि साखर. साखर वितळते, फेसाळते, सोन्यासारखी होते, मग तांबूस, मग एकदम फेस बसतो आणि धुराचा पहिला धागा निघतो. मांस पडलं पाहिजे ते त्याच क्षणी. आधी टाकाल तर आजाऱ्याचं जेवण, नंतर टाकाल तर कडू जहर. आणि साखर बघायची ती घरातल्या मोठ्या बाईने. दुसरीने परातीत मांस घेऊन पाठ करून उभं राहायचं, भांड्यात डोकवायचं नाही, हाक आली की वळून टाकायचं. साखर जळताना घरात कुणी बोलायचं नाही. माझ्या आईने मला जिवंतपणी एकदाही बघू दिलं नाही. ती गेली त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा भांड्यात पाहिलं, आणि तीन रविवार सगळ्यांना कोळसा खायला घातला.

मी तरी व्हर्लीनला बघू द्यायचं होतं ना? नाही दिलं. एकदा विशीत असताना तिने मान वळवली तर मी डावाने पाठीत मारलं होतं. माझ्या घरात साखर माझी, असा तोरा. बावन्न वर्षांची बाई, सगळा स्वयंपाक हातात, आणि साखरेचा रंग ठाऊक नाही. हे पाप माझंच.

शनिवारी तिने मांस लिंबाने चोळून धुतलं. थाईम, पातीचा कांदा, लसूण, मिरची वाटून लावली. वाटण माझ्या नाकाशी आणून म्हणाली, “लसूण कमी आहे ना?” कमी नव्हता. “हो,” मी म्हणाले. ती हसली. “चल, लबाड. बरोबर आहे. तुझ्या डोळ्यांतच दिसतंय.”

अशी आहे माझी पोर.

रविवारी चर्चच्या मिस्साहून आल्यावर तिने माझी खुर्ची चुलीशी आणली, भांड्यात दिसेल अशी उंच उशीवर बसवली. अँसेल्म दाराला टेकून उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

“फोन बंद कर,” व्हर्लीन त्याला म्हणाली. “आणि तोंडही.”

“इतकी वर्षं झाली, अजून तेच का?”

“तेच. मा, झाली की सांग हं.”

तिने साखर टाकली, ज्योत सारखी केली, परात उचलली आणि पाठ करून उभी राहिली.

मी बघत होते. जन्मात कधी साखरेकडे इतकं बघितलं नसेल. वितळली. फेस आला. सोनेरी झाली. मी ओठ घट्ट मिटून धरले, न जाणो आधीच निसटायचं. अँसेल्म साखरेकडे बघतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टर बघतात तसा. तांबूस झाली. अजून नाही, अजून नाही. फेस बसायला लागला. आता. धुराचा धागा निघाला. आता! टाक, व्हर्लीन, टाक!

तोंड उघडलं. काही आलं नाही.

देवाशपथ सांगते, सात महिने जो मेला शब्द विचारल्या न विचारल्या धावत येत होता, तो घशात कुठे जाऊन दडला कोण जाणे. मी ढकलतेय, ढकलतेय, नुसती हवा. धागा जाड झाला. वास बदलला. व्हर्लीनच्या नाकात तो वास गेला असणारच, तिचे खांदे आखडलेले मला दिसले. पण वळेना. आई सांगेपर्यंत वळायचं नाही. इतका विश्वास कशाला ठेवावा गं माणसाने माणसावर!

मग मी डावा हात खुर्चीवर आपटला. धाड, धाड, धाड. अँसेल्म दोन ढांगांत आला आणि त्याने माझा हात धरला. तेवढा एकच चांगला हात, तोही दोन्ही हातांनी दाबून धरला.

“शांत हो, मा, शांत हो. काही झालं नाही. मी आहे ना.”

सोड मेल्या! हात सोड! भांड्यातून काळा धूर वर आला तेव्हा कुठे त्याने मान वळवली. “व्हर्लीन, अगं जळतंय!”

तिने वळून परात उपडी केली. मांस चर्र झालं. त्या आवाजावरूनच मला कळलं, सगळं गेलं.

व्हर्लीनने मग काय काय केलं. पाणी जास्त घातलं, टोमॅटो घातले, वरून पुन्हा चमचाभर साखर. तासभर मंद आचेवर ठेवलं. भात, राजमा, चीज घालून भाजलेली मॅकरोनी सगळं टेबलावर मांडलं, आणि मधे ते भांडं. रस्सा डांबरासारखा. मला तिने एक घास भरवला. जीभ आखडली इतका कडू.

अँसेल्मने मात्र ताट भरून घेतलं. खाल्लं. पुन्हा घेतलं.

“उगाच एवढं तोंड पाडून बसलीस,” तो म्हणाला. “मस्त झालंय. अगदी मा करायची तसंच.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. खोटं बोलतोय का, ते शोधत होते. खोटं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण त्याने पावाने रस्सा निपटून घेतला. नऊ वर्षांत माझ्या हातची चव पोराच्या तोंडातून पुसून गेली होती.

हात धुऊन तो माझ्या खुर्चीपाशी खाली बसला. कडेला मांडी घालून, लहानपणी बसायचा तसा. डोळे ओले होते त्याचे. तो वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

“मा, तूच सांग आता. मी तुझ्यावर सोडतो. सिस्टरांकडे बाग आहे, नर्स आहे. व्हर्लीनला जरा श्वास घेता येईल. जाशील ना तिकडे?”

व्हर्लीन टेबलापाशी ताट हातात घेऊन थांबली होती.

मी दात आवळले. डावा हात मांडीखाली दाबला. मान ताठ धरली. नाही, नाही, नाही, म्हणत होते मी आतल्या आत, माझं घर आहे हे, माझे वाफे आहेत, इथेच पडले आणि इथेच मरणार.

“हो,” मी म्हणाले. स्वच्छ, मोठ्याने, पोरीसारखं.

“ऐकलंस?” अँसेल्म बहिणीला म्हणाला.

“तिच्या ‘हो’ला काय अर्थ आहे?” व्हर्लीन म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. सकाळी आवाजात जो जोर होता तो त्या भांड्यात जळाला होता.

“तूच म्हणालीस ना, साखर जळताना बघ. मी बघितलं.”

बुधवारी त्याचं विमान आहे. मंगळवारी मला न्यायला जीप यायची ठरलीय. तो फोन करायला बाहेर गेला, आणि व्हर्लीन भांडं घासायला बसली. खालचा काळा थर सुटेना. ती चमच्याने खरवडत होती, माझ्याकडे पाठ करून, सकाळी उभी होती तशीच.

“मला वास आला होता, मा,” ती म्हणाली. “मी वळून बघायला हवं होतं. माझीच चूक ना?”

नाही गं पोरी. तुझी नाही. बावन्न वर्षांत एकदाही तुला मी वळू दिलं नाही.

“हो,” मी म्हणाले.